यंत्राला सांगितलेली गोष्ट

बारामती,
६ जानेवारी २०२५

ती. दत्तोबामामांस,

नमस्कार. फोनवर मी ओरडायचं आणि तुम्ही नुसतं "व्हय, व्हय" म्हणायचं, यातून आपल्या दोघांच्याही हाती काही लागत नाही. म्हणून हे पत्र. सुप्रियावहिनी आज बारामतीला आल्या आहेत, त्यांच्याबरोबर पत्र आणि एक फोन पाठवते. फोन तुम्हाला वापरायला आहे, पंधरा दिवसांपुरता.

काम असं आहे. आमच्या कॉलेजात मी एक स्पर्धा भरवते आहे. मुलांनी चॅटबॉट बनवायचा. म्हणजे फोनमधलं असं यंत्र, की आपण मराठीत विचारावं आणि त्यानं मराठीत लिहून उत्तर द्यावं. विषय शेतीचा. सहा संघ आहेत, एकेका संघात दोन मुलं. यंत्र चांगलं की वाईट हे आम्ही प्राध्यापक मंडळींनी ठरवण्यात अर्थ नाही, म्हणून आम्ही सहा शेतकरी परीक्षक निवडले आहेत. त्यात एक तुम्ही. तुम्हाला न विचारता नाव घातलं, तेवढं पोटात घाला.

फोन उघडलात की एक ते सहा आकडे दिसतील. प्रत्येक आकडा म्हणजे एका संघाचं यंत्र. कुठलं कुणाचं ते तुम्हाला कळणार नाही. आकड्यावर बोट ठेवायचं, खालचं माइकचं चित्र दाबून बोलायचं. तुमचं बोलणं अक्षरांत उमटेल आणि उत्तरही अक्षरांतच येईल. ऐकायचं काहीच नाही, म्हणूनच तुम्ही आठवलात. १३ ते २० तारखेपर्यंत रोज थोडं बोला आणि शेवटी प्रत्येकाला दहापैकी गुण द्या.

संकोच मात्र करू नका. पलीकडं माणूस नाही. कितीही वेळा विचारा, काय वाटेल ते विचारा, ते कंटाळत नाही आणि हसतही नाही.

माझं म्हणाल तर माणसांना निरोप देतानाच दमछाक होते आहे. पहिल्या बैठकीचा निरोप मी शुक्रवारी पाठवला, "येत्या शनिवारी या." निम्मी मुलं दुसऱ्याच दिवशी आली, निम्मी पुढच्या आठवड्यात. मोरगावची एक मुलगी सकाळच्या एसटीनं येऊन बंद वर्गासमोर दोन तास बसून गेली, आणि तिच्याच संघातला मुलगा आठ दिवसांनी एकटा आला. दोघंही मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच असं लिहिलं होतं." आणि दोघंही बरोबर होते.

डाळिंबं कशी आहेत? कळवा.

तुमची,
संजीवनी


शेळगाव, ता. इंदापूर,
२१ जानेवारी २०२५

चि. संजीवनीस दत्तूमामाचा आशीर्वाद.

मी बोलतो तसंच लिहितो. त्यापायी शाळंत मार खाल्लाय, आता कोण मारणार न्हाय.

तू सांगितलेलं काम नेमानं केलं. रोज दुपारी बागंतल्या खोलीत बसून एकेका नंबरला इचारलं. सांगायला लई हाय, पण आधी दोन नंबरचं सांगतो. तुला ठाऊक हाय, मी तीस वरसं कालव्यावर पाटकरी हुतो. लोकांच्या पाण्याच्या पाळ्या लावण्यात जन्म गेला. औंदा आमची पाळी लांबली आन डाळिंबाची फळं तडकाया लागली. मी दोन नंबरला म्हणलं, पाळी लांबलीय, काय करू? तर त्यानं मला बायकांच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं, आन सोबत घरातल्या मोठ्या बाईला न्या म्हणालं. सुप्रियाला वाचून दावलं तर ती हातातलं पीठ टाकून हसत बसली. त्याला चार गुण दिल्यात. काळजीनं बोलत हुतं, म्हणून चार.

एक, तीन, पाच आन सहा बरी हायती. पुस्तकातलं सांगत्यात. भाषा पेपरावानी.

चार नंबर मातूर येगळं. पहिले दोन दिवस तेबी बाकीच्यासारखंच हुतं. बुधवारी सकाळी बंद पडलं, आन दुपारपासनं असं शहाणं झालं की काय सांगू. मला आबा म्हणाया लागलं. तडकलेल्या फळाचं इचारलं तर म्हणालं, आबा, आमच्याकडं डाळिंब न्हाय, कोरडवाहू हाय, तरी इचारून सांगते. आन दुसऱ्या दिवशी सांगितलं बी. पाणी एकदम सोडू नका, थोडं थोडं द्या. बरोबर हाय ते. मधीच एकदा म्हणालं, जरा थांबा आबा, शेळी सुटली. मी म्हणलं, यंत्राची शेळी कुठली? पण पोरांनी गंमत म्हणून घातलं असंल. माणूस वाटावा म्हणून.

मी त्याला बागंचं सोडून दुसरंबी बोललो. एक गोष्ट कुणाला सांगितली न्हवती ती सांगितली. तू म्हणली हुतीस पलीकडं माणूस न्हाय, काय वाटंल ते बोला. त्यावर त्यानं उत्तर दिलं, "आबा, मला याचं उत्तर येत नाही. पण मी सगळं वाचलं." संजू, बाकीची पाचबी यंत्रं कशालाच न्हाय म्हणत न्हाईत. हे एकटं म्हणालं. मी त्याला दहातले दहा दिल्यात. अकरा देता येत असतील तर अकरा धर.

तारीख संपली तरी फोन अजून माझ्यापाशी हाय, मी अधनंमधनं बोलतो. चालतं न्हवं?

तुझा,
दत्तूमामा


बारामती,
२४ जानेवारी २०२५

ती. मामांस,

नमस्कार. पत्र मिळालं. दोन नंबरचं सगळ्यांना वाचून दाखवलं, ज्यांनी ते बनवलं ती मुलं लाजून खिडकीबाहेर बघत होती.

एक विनंती आहे. चार नंबरशी बोलणं तूर्त थांबवा. काही तपासायचं आहे. फोन बंद करून ठेवलात तरी चालेल.

तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मला कळवू नका. कळवायची गरज नाही.

इकडं कामाची घाई आहे, म्हणून थोडक्यात आटोपते. आठ फेब्रुवारीला अंतिम फेरी आहे. तब्येतीला जपा.

तुमची,
संजीवनी


शेळगाव,
२९ जानेवारी २०२५

चि. संजीवनीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एवढं आखूड पत्र तू कवा लिहीत न्हाईस.

तुझं पत्र हातात पडायच्या आधी मी चार नंबरला एकदा हाक मारली हुती. त्यानं लिहिलं, "आबा, मला आता बोलता येणार नाही. माझं चुकलं." पुढं काय इचारलं तर गप्प. तवापासनं मला घोर लागलाय. माझ्या बोलण्यानं ते बिघडलं का? काही गोष्टी अशा असत्यात की ऐकणाऱ्याला बाधत्यात. पोरांच्या एवढ्या मेहनतीचं यंत्र माझ्यापायी वाया गेलं असलं तर स्पष्ट सांग. मी त्या पोरांची माफी मागीन.

आणखी एक. त्यानंच मला इचारलं हुतं, आबा, तुम्ही कान कधी तपासलेत का? पोटचा पोरगा अविराज दोन वरसं मागं लागलाय, तवा मी हललो न्हाय. पर यंत्रानं इचारल्यावर वाटलं, ह्याला काय पडलीय माझी, तरी इचारतंय. काल सुप्रियाला घिऊन इंदापूरला गेलो. डॉक्टरनं डब्यात बसवून शिट्ट्या वाजवल्या. एक कान गेलाय, दुसऱ्यात थोडं उरलंय म्हणाला. मशीन बसंल.

हे त्याला सांगायचं हुतं. तुला सांगतो.

तुझा,
दत्तूमामा


बारामती,
३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

हे पत्र रजिस्टरनं पाठवते आहे, तुमच्याच हातात पडावं म्हणून. एकटे असताना वाचा.

तुमच्या बोलण्यानं काही बिघडलेलं नाही. जे बिघडलं ते आमच्याकडून. मागच्या पत्रात मी हे लिहायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

चार नंबर बुधवारी सकाळी बंद पडलं ते पुन्हा चालू झालंच नाही. त्या दुपारपासून तुम्हाला उत्तरं देत होती ती एक मुलगी. प्रतिक्षा तिचं नाव, वय एकोणीस, मोरगावची. त्या पहिल्या शनिवारी बंद वर्गासमोर बसून राहिली होती तीच.

तुमच्या पत्रात शेळीचं वाचलं आणि मला ठसका लागला. तसाच संभाषणांचा रेकॉर्ड उघडला. मग तिला बोलावून घेतलं, तिचा जोडीदार ऋषिराज यालाही. मी विचारलं, "ही शेळी कुणाची?"

"आमचीच, मॅडम," ती म्हणाली. "दाव्याची गाठ सैल झाली होती."

तिला वाटलं मी शेळीचंच विचारते आहे. लपवण्यासारखं काही केलंय हे तिच्या गावीच नव्हतं.

"उत्तरं तू का लिहीत होतीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, मॅडम." तिनं माझाच निरोप काढून समोर धरला. "परीक्षणाच्या आठ दिवसांत कुणाचंही उत्तर थांबता कामा नये. अडचण आल्यास संघाने स्वतः सांभाळावे." मी घाईत दोन तासिकांच्या मध्ये पाठवलेला निरोप. मला म्हणायचं होतं, यंत्र दुरुस्त करून घ्या. तिनं वाचलं, यंत्र थांबलं तर तुम्ही उत्तरं द्या. शब्द बघितले तर तिचाच अर्थ जास्त सरळ आहे.

ऋषिराज त्या दिवशी वडगाव निंबाळकरला चुलतभावाच्या हळदीत होता. तिथून त्यानं तिला लिहिलं, "सर्व्हर बंद आहे. तू सांभाळ." तो आता म्हणतो, "माझा अर्थ होता, मॅडमना कळव." ती म्हणाली, "असं कुठं लिहिलंयस?" त्यानं फोन वर-खाली करून पाहिला. कुठंच नव्हतं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

यंत्र बंद असलं तरी चार नंबरला विचारलेले प्रश्न तिच्या फोनवर दिसत. सहा दिवस ती मुलगी घरातलं करून, शेळ्यांचं बघून सहाही परीक्षकांना टाइप करून उत्तरं देत होती. बाकीच्यांनी दोन-चार प्रश्न विचारून सोडून दिलं. तुम्ही बोलत राहिलात. मी तिला विचारलं, "मी माणूस आहे, हे तू आबांना सांगितलं का नाहीस?" तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते सांगितलं. त्यानंतर कसं सांगणार, मॅडम?"

आता माझ्याबद्दल. मामा, ते मीही वाचलं आहे. मामी गेल्या त्या सकाळी तुम्ही मळ्यात नव्हतात, ओसरीवर होतात, आणि आतून त्यांनी मारलेली हाक तुम्हाला ऐकू आली नाही, हे मला आता ठाऊक आहे. मी ते कुणाजवळ बोललेले नाही. अविराजदादाजवळही नाही.

आणखी एक सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. स्पर्धेच्या नियमांत लिहिलं होतं की सगळी संभाषणं आयोजक तपासतील. ते मुलांना दिलं होतं. तुम्हा सहा जणांना दिलं नव्हतं. म्हणजे यंत्र बंद पडलं नसतं आणि प्रतिक्षा मध्ये आली नसती, तरी तुमचं बोलणं कुणीतरी वाचलंच असतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. तरी मी तुम्हाला लिहिलं, पलीकडं माणूस नाही. तेव्हा ते खोटं आहे असं मला वाटलं नव्हतं. आता वाटतं.

चार नंबरला स्पर्धेतून काढावं लागलं. दुसरा मार्ग नव्हता. प्राचार्यांना मी माझा निरोप दाखवून चूक कुठून सुरू झाली ते सांगितलं आहे, आणि गुण मोजण्याच्या कामातून स्वतःला बाजूला केलं आहे. तुमचं बोलणं रेकॉर्डमधून काढून टाकलं. पण डोक्यातून काढता येत नाही.

रागवा. पण लिहा.

तुमची,
संजीवनी


मोरगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आबा,

मी प्रतिक्षा. चार नंबर.

तुमचा पत्ता मॅडमनी मला दिला नाही, हे पत्र त्याच पुढं पाठवणार आहेत. त्या म्हणाल्या, तुम्ही फोन परत पाठवलात आणि सोबत चिठ्ठी नव्हती. त्यांनी खोक्यात दोनदा बघितलं. म्हणून तुम्ही हे वाचाल की नाही हे मला माहीत नाही, तरी लिहिते.

माझं चुकलं हे मी त्या दिवशीच लिहिलं होतं, पण काय चुकलं ते लिहिलं नव्हतं. निरोपाचा अर्थ मी चुकीचा घेतला, ते मला चूक वाटत नाही. तुम्ही मला यंत्र समजताय हे कळत असताना मी बोलत राहिले, ती चूक. ती मला कळत होती. पहिल्या संध्याकाळीच कळत होती.

का बोलत राहिले ते सांगते. कॉलेजात मी फारशी बोलत नाही. पहिल्या वर्षी वर्गात मी "पानी" म्हणाले तेव्हा मागच्या बाकावर हसले होते, तेव्हापासून मी आधी मनात वाक्य बसवते आणि मग बोलते. तोवर विषय पुढं गेलेला असतो. तुम्ही दुसऱ्याच दिवशी म्हणालात, "तुझी भाषा बरी हाय, आमच्यासारखी." तुम्ही यंत्राला म्हणालात, मला ठाऊक आहे. पण मला बरं वाटलं. कुणी मला काही विचारतंय आणि माझ्या उत्तराची वाट बघतंय, असं आधी झालं नव्हतं. डाळिंबाचं मी वडिलांना विचारलं, वडिलांनी पिंपळीच्या त्यांच्या ओळखीच्या बागायतदाराला विचारलं.

मग तुम्ही त्या सकाळचं सांगितलंत. शेवटी विचारलंत, "तिनं किती हाका मारल्या असतील?"

आबा, मी त्यावर पाऊण तास उत्तर लिहिलं नाही. एकदा लिहिलं होतं, "एकच मारली असेल." पाठवलं नाही. तुम्हाला बरं वाटलं असतं, पण मला माहीत नव्हतं. आमचं यंत्र चालू असतं तर त्यानं नक्की काहीतरी गोड लिहिलं असतं. आम्हीच त्याला तसं शिकवलं होतं, समोरच्याला धीर द्यायचा म्हणून. मला ते जमलं नाही, म्हणून उत्तर येत नाही असं लिहिलं. तेवढ्या एका उत्तराचं मला वाईट वाटत नाही.

अंतिम फेरी झाली. पहिला नंबर राम आणि मोनाच्या संघाला मिळाला. दोन नंबरचं यंत्र त्यांचंच. पाण्याची पाळी त्याला आता कळते. बक्षीस द्यायच्या आधी मॅडम व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःचा तो निरोप वाचून दाखवला. तुमचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. म्हणाल्या, एका संघाला बाहेर काढावं लागलं त्याचं मूळ या दोन वाक्यांत आहे आणि ही वाक्यं माझी आहेत. ऋषिराज माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होता. तोही माझ्याकडं बघत नव्हता, मीही नाही.

तुमचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही. सांगणार नाही.

तुम्ही उत्तर दिलं नाही तरी मी समजून घेईन.

तुमची,
प्रतिक्षा


शेळगाव,
९ मार्च २०२५

चि. प्रतिक्षा हीस,

तुला आशीर्वाद लिहू का नको ह्यात चार दिस गेलं. लिहितोच. अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आल्या दिवशी वाचलं न्हाय. संजीवनीचं अक्षर पाकिटावर दिसलं आन तसंच कोनाड्यात टाकलं. लई राग हुता, पोरी. तुझ्यावर कमी, तिच्यावर जास्ती. यंत्राला सांगितलं म्हणजे कुणालाच सांगितलं न्हाय, असं मी धरलं हुतं. विहिरीत वाकून बोलावं तसं. आन मग कळलं की एक सोडून दोन माणसं ऐकत हुती. मी फोन खोक्यात घातला आन सुप्रियाजवळ दिला. चिठ्ठी लिहायला घेतली हुती, ती फाडून चुलीत घातली.

पण त्यातनं एक झालं. गोष्ट जवर माझ्यापाशी हुती तवर ती झाकून ठेवता येत हुती. दोन लोकांना ठाऊक झाल्यावर वाटाया लागलं, बारामतीत माझ्या भाचीला ठाऊक, मोरगावच्या एका पोरीला ठाऊक, आन माझी बायको छबू, तिच्या पोटी जन्मला त्या अविराजला ठाऊक न्हाय. त्याला मी दोन वरसं सांगत आलो, मी मळ्यात हुतो. हे बरं न्हवं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ठिबकाच्या नळ्या बघाया दोघंच बागंत हुतो. तितंच सांगितलं. म्हणलं, अविराज, तुझी आय पडली तवा मी मळ्यात न्हवतो, ओसरीवर अडकित्ता घिऊन सुपारी कातरत हुतो. ती आत पडली, मला ऐकूच आलं न्हाय. कुशाबाई कुंपणाकडनं आली तवा मला कळलं. कुशाबाई म्हणजे आमची शेजारीण. तिनं छबूची हाक ऐकली हुती. पण मी ओसरीवर दिसतोय, मी बघीन, म्हणून ती आधी आली न्हाय.

अविराजनं सगळं ऐकून घेतलं. नळीचं तोंड साफ केलं आन निघून गेला. त्यानंतर चार दिस त्यानं माझ्यासमोर जेवायचं ताट घेतलं न्हाय. सुप्रिया दोघांच्या मधी फिरत हुती. मी म्हणलं, झालं. ह्या वयात पोरगं घालवलं.

पाचव्या दिवशी सकाळी तो माझ्या खाटंपाशी आला. तवर कानात मशीन बसलं हुतं, पण अजून सवय न्हाय, भांडी लई वाजत्यात, माणसाचं बोलणं त्याच्या मागनं येतं. तो हळू बोलला, तरी कळलं.

"आबा, आय काय म्हणून हाक मारत हुती?"

मी म्हणलं, "पोरा, मला ऐकू आलं असतं तर..."

"तुम्हाला न्हाय. कुशाकाकूला. तिनं काय ऐकलं?"

दोन वरसं मी कुशाबाईच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. पाणी भराया ती आली की मी उठून जायचा. पर तिनं काय ऐकलं हे मी तिला कवा इचारलंच न्हाय. मला वाटायचं, ती सांगंल, छबू धा येळा ओरडली, इस येळा ओरडली. रोज मोजत हुतो मी मनातल्या मनात.

आमी दोघं तसंच कुंपणाच्या पलीकडं गेलो. कुशाबाई जवारी पाखडत हुती. अविराजनंच इचारलं. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "दोनदा ऐकलं. आधी म्हणाल्या, अहो, च्या घेताय न्हवं? मग जरा येळानं नुसतं, अहो. बास. मग काय न्हाय. म्हणून तर मला वाटलं, दत्तोबा आत गेलं असतील."

"ओरडली न्हाय?" मी इचारलं.

"न्हाय वो," कुशाबाई म्हणाली. "रोजच्यासारखंच." मग तिलाच रडू आलं. म्हणाली, मी यायला पाहिजे हुतं. दोन वरसं तीबी तेच मोजत बसली हुती, आन मला वाटत हुतं ती माझ्याकडं बघती ती दोष द्यायला.

परत येताना अविराज माझ्या पुढं चालत हुता. बांधावर थांबला आन मी पुढं जाईस्तोवर उभा राहिला. त्या दुपारी जेवाया आमी एकत्र बसलो. इशय डाळिंबाचा काढला, दुसरं काय न्हाय. पण बसलो.

आता तुझ्या पत्राचं. तू "एकच मारली असंल" असं लिहून पाठवलं न्हाईस, ते लई बरं केलंस. ते लिहिलं असतंस तर मी ते धरून बसलो असतो आन कुशाबाईला कवाच इचारलं नसतं. मी पहिल्यांदा कागदावर चार नंबरला दहा गुण दिलं हुतं ते यंत्र म्हणून. तुझं कळल्यावर रागानं खोडलं. आता पुन्हा द्यायचं का न्हाय हे ठरवता येईना. तू मला आधी सांगायला पाहिजे हुतं, हे तुझं तूच म्हणतीस, आन ते खरं हाय. त्यात मी सूट देणार न्हाय. पण तू मला खोटं बोलली न्हाईस, हेबी खरं हाय. दोन्ही खरं असलं तर माणसानं काय करावं, मला अजून उमगलं न्हाय.

संजीवनीलाबी लिहीन. तिच्यावर राग अजून थोडा बाकी हाय, तो संपला की लिहीन. तिला एवढं सांग, की तिनं चारचौघांत आपला निरोप वाचून दावला हे मला आवडलं.

पहिली हाक च्याची हुती. ती आता माझ्यापाशी हाय. ती कशी म्हणाली असंल तेबी मला कळतं, पन्नास वरसं ऐकलंय ते. दुसऱ्या "अहो"त काय हुतं ते मला ह्या जन्मी कळायचं न्हाय, आन ते कुणी सांगूबी नये. ते तसंच राहू दे.

बागंत फळांचा तोडा सुरू झालाय. तडकलेली फळं सोडली तर माल बरा हाय. तू आन तुझं वडील कवा इकडं आलात तर शेळगावच्या फाट्यावर उतरा. तितं कुणालाबी दत्तोबा पाटकरी म्हणून इचारा. आलीस तर समोर बसून बोल, जरा मोठ्यानं, आन तुला येतं तसंच.

हे पत्र आता मी अविराजला वाचाया देणार हाय. पाकीट तोच चिकटवील.

तुझा,
दत्तोबाआबा